कुंपणात सोडायची वाट

बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या खाडीपर्यंत आमच्या मामांना ठाऊक नाही अशी पायवाट नव्हती, आणि ठाऊक असूनही त्यांनी कधी पाय ठेवला नाही अशी एकच वाट होती, ती म्हणजे सडक. सडकेने पाहुण्यांनी जावे, गावच्या माणसाने माणसांतून जावे, असे त्यांचे ठाम मत. रोज सकाळी ते शेजारच्या गावी आमच्या थोरल्या मावशीकडे चहाला निघत ते एकाच्या अंगणातून, दुसऱ्याच्या मिरचीच्या वाफ्याकडेने, तिसऱ्याच्या विहिरीवर टेकत. कुठे तांब्याभर पाणी, कुठे सुनेची तक्रार, कुठे गाभण म्हशीची विचारपूस. मावशी पायांनी अधू, उंबऱ्याबाहेर पडत नसे. तिला सगळे गाव मामांच्या तोंडून कळायचे, आणि मामाही पदरचा मसाला घालून ते वाढायचे.

आमच्याकडची रीत अशी, की वाडीला कुंपण घालणाऱ्याने जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी माणूसभर फट ठेवायची. कुणी विसरलाच तर मामा हक्काने त्याच्या दारात उभे राहत. "वाट सोडायची राह्यली तुमची." एवढे म्हटले की तो ओशाळून कोयता शोधू लागे.

पासष्ट-सहासष्टच्या सुमारास वीजकेंद्राचे काम निघाले, माळावर वसाहत उठली आणि नेमके दोन गावांच्या मधोमध तारेचे कुंपण पडले. मामांना राग आला नाही, कीव आली. "परमुलखातली मानसं, त्याना रीत काय ठावी!" घरच्या झाडाची पपई घेऊन ते मुकादमाकडे गेले. "वाट सोडायची राह्यली तुमची." मुकादम उत्तरेकडचा. पपई ठेवून घेत म्हणाला, "चाचा, गेट उधर है, सड़क से जाओ." मामा घरी येऊन सांगू लागले, "मानूस बरा हाय. सोडंल वाट." मग रोज सकाळी तारेपर्यंत जायचे, फट पडली का बघायचे आणि परत यायचे, हा नेम झाला.

शेवटी मावशीचाच निरोप आला, "मेलास का जिता हायस?" तेव्हा मामा निमूट सडकेने निघाले. मी सोबत होतो. नवा डांबरी रस्ता, रुंद, सरळ, दुतर्फा तार. वाटेत एक अंगण लागले नाही. पोचलो तशी मावशी सरसावून बसली. "बोल रे, काय खबर?"

मामांनी चहा बशीत ओतला आणि नुसतीच फुंकर घालत राहिले. "काय नाय गो बाय. वाटंला कोनच नाय भेटला."

"असू दे. तू आलास ना," म्हणत मावशीने त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.