वाघिणीखालची अक्षरं

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हे एक प्रकरण मात्र पुसट झालं नाही. ते आठवलं की अजूनही डोकं तापतं, आणि त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच आहे.

वडील नोकरीसाठी सिंगापूरला आले. मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलीस दलातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. दोन हजारच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मलेशियाहून येणारी मालगाडी तेव्हा बेटावर धावत होती. मुख्य लोहमार्गापासून गोदामांच्या एका आवारापर्यंत जेमतेम दोन किलोमीटरचा फाटा होता. तो एक खासगी ठेकेदार कंपनी चालवायची. एक छोटं डिझेल इंजिन, काही जुन्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि दहा-बारा कामगार, एवढाच पसारा.

एका दुपारी ठाण्यावर फोन आला. दोन वाघिणी जोडताना एक कामगार त्यांच्या टोकांच्या, धक्का झेलणाऱ्या बफरांमध्ये चिरडून जागीच गेला होता. चाळिशीतला तमिळ माणूस, वर्क परमिटवर आलेला, गावी बायको आणि दोन मुली. मी पोहोचलो तेव्हा कंपनीचा मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात वाट पाहत उभा होता. त्याने मला मृतदेहाकडे नेण्याआधी ऑफिसात नेलं. त्याचं म्हणणं असं, की हँडब्रेक लावणं हे त्या कामगाराचंच काम. तो विसरला, वाघीण घरंगळली. शिवाय आवाज खाली आणून म्हणाला, पीत होता तो. हे त्याचं कपाट, असं सांगून त्यातून एक बिअरची बाटलीही काढून दाखवली.

मी ते लिहून घेतलं. मजकूर नीट जुळत होता, आणि इतका नीट जुळणारा मजकूर तयार करून ठेवलेला असतो हे मला माहीत असायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी प्राथमिक अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे शब्द लिहिले. सही तेवढी बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाईलवर एका मराठी मुलीचा फोन आला. गणेशोत्सवात ओळख झालेली, सेंगकांगला राहणारी. ती त्याच कंपनीच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची कागदपत्रं पाहायची, हे मला तेव्हा कळलं.

“काका, काल जो गेला त्याच्या कामातल्या जोडीदाराचं परमिट रद्द करायला सांगितलंय मला. दुपारच्या विमानाने त्याला चेन्नईला पाठवतायत,” ती म्हणाली. “अपघात झाला तेव्हा तो शेजारीच होता. तुम्ही त्याचा जबाब घेतलाय का?”

घेतला नव्हता. असा कुणी जोडीदार होता, हेच मॅनेजरने मला सांगितलं नव्हतं.

“माझं नाव कुठे येऊ देऊ नका. माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे.”

मी तिला शब्द दिला, आणि आजही पाळतो आहे. लगेच चांगी विमानतळावर कळवलं. चेक-इन काउंटरजवळ तो सापडला. दोन्ही बाजूंना कंपनीची दोन माणसं, हातात एक बॅग. त्याचा प्रवास थांबवला, चौकशीपुरतं इथे राहता यावं म्हणून स्पेशल पासची व्यवस्था केली आणि ठाण्यात आणून आधी जेवायला घातलं. भुकेल्या आणि घाबरलेल्या माणसाचा जबाब तुम्हाला हवा तसा निघतो, खरा निघत नाही. तमिळ दुभाषा आल्यावर तो बोलू लागला.

चार वाघिणींचे ब्रेक कित्येक महिने निकामी होते. मेलेला माणूस रोज त्या वाघिणींवर खडूने ‘ब्रेक नाही’ असं लिहायचा. मग वरिष्ठ पातळीवर विचार सुरू झाला, की हा फाटा चालू ठेवायचा की सगळा माल लॉरींनी न्यायचा. पाहणीसाठी मंडळी यायची होती. सगळ्या वाघिणी धावताना दिसायला हव्या होत्या. एकही दुरुस्तीला काढायची नाही असा हुकूम निघाला. खडूची अक्षरं पुसली गेली.

“मग त्याने खालून लिहिलं,” तो म्हणाला. “साहेबलोक खाली वाकत नाहीत. आम्ही वाकतो.”

त्याच दुपारी आम्ही आवारात गेलो. मी स्वतः रुळांवर उताणा पडून वाघिणीखाली सरकलो. लोखंडावर पांढऱ्या रंगात ठसठशीत तमिळ अक्षरं होती. चारही वाघिणींखाली तेच दोन शब्द. कामगाराला चिरडणारी वाघीण त्यांतलीच एक होती. तिच्या ब्रेकची साखळी तुटलेली होती आणि तुटलेल्या जागी जुना गंज चढला होता. ज्या माणसाला मी निष्काळजी ठरवणार होतो, तो वाघिणींखाली सरपटत जाऊन दुसऱ्यांचे जीव सांभाळत होता.

मॅनेजरला ठाण्यात बोलावलं. तासभर तो एकच सांगत राहिला: ब्रेक खराब असल्याचं त्याच्या कानावर कधीच आलं नव्हतं. मी आवाज चढवला नाही. वाघिणीच्या खालच्या बाजूचे फोटो फक्त त्याच्यापुढे ठेवले. तो चिडला.

“वाघिणींवर काही लिहू नकोस, असं मी त्याला बजावलं होतं,” तो म्हणाला.

“काय लिहीत होता तो?” मी विचारलं.

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. लगेच त्याने वकील मागितला, पण वाक्य जबाबात उतरलं होतं. शवविच्छेदनात दारूचा अंशही सापडला नाही. कपाट मृताचं नव्हतंच.

अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने मृताला पूर्ण निर्दोष ठरवलं. कंपनीवर खटला झाला, दंड भरून ती मोकळी झाली. मॅनेजरने दुसरीकडे नोकरी धरली. फाटा बंद झाला, माल लॉरींवर गेला. फाटा राहावा की जावा यावर बैठका पुष्कळ झाल्या. किती टन, किती फेऱ्या, सगळं मांडलं गेलं. वाघिणींच्या मधे उभं राहून त्या जोडणारा माणूस एकाही कागदावर नव्हता.

त्याच्या बायकोला कंपनीने फोनवर सांगितलं होतं, की नवरा दारूच्या नशेत मेला. निकालानंतर दुभाष्याला बसवून मी तिला फोन केला. त्याची काहीही चूक नव्हती, हे सांगितलं. तिने एकच मागणी केली.

“हे कागदावर लिहून द्या. गावात सगळ्यांना दुसरंच कळलंय. माझ्या मुलींना शाळेत ऐकावं लागतं.”

पोलिसाने असं पत्र लिहिण्याची पद्धत नाही, असं मला वरून बजावण्यात आलं. मी निकालाची प्रमाणित प्रत पाठवली आणि सोबत पत्रही लिहिलं, माझ्या सहीचं. त्याबद्दल लेखी समज मिळाली. ती मी आनंदाने घेतली.

अपघाताची पहिली हकिगत नेहमी जिवंत माणूस सांगतो, आणि बहुधा तोच सांगतो ज्याला ती सांगायची गरज असते. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी ऑफिसात बसून कुणाचं ऐकण्याआधी घटनास्थळी गेलो, आणि कपडे मळतील याची पर्वा न करता वाकून पाहिलं. हे शहाणपण मला उशिरा आलं. त्या मुलीने फोन केला नसता, तर एका सज्जन माणसाच्या नावावर कायमचा डाग लागला असता आणि त्याखाली सही माझी असती.