तिसरी मासोळी

अकोल्याच्या जुन्या शहरातून सकाळी निघालो तेव्हाच माझं मन ठिकाणावर नव्हतं. यांना गळाने मासे धरायची नवीन हौस लागली आहे. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एक तलाव आहे, तिथल्या मासेमारी संस्थेत माझा धाकटा भाऊ रमेश सभासद आहे. पाहुण्याने दोनच मासे न्यायचे, अंडी भरलेली मासोळी सोडून द्यायची, असा तिथला नियम. पाहुण्याने मोडला तर सभासदाचं जाळं हंगामभर बंद. रमेशचं घर त्या जाळ्यावर चालतं.

एसटीत यांच्या गळाची लांब काठी एका म्हाताऱ्या बाबांच्या टोपीला अडकली.

"मलेच (मलाच) धरून राहिले का, भाऊ?" बाबा म्हणाले. सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलली. पुढे काळी शेतं, त्यात बोटभर सोयाबीन. रमेश फाट्यावर घ्यायला आला होता. त्याच्या घरी चून-भाकर (पिठलं-भाकरी) खाल्ली.

तलावावर यांना दोन मासे लवकर मिळाले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिसरी लागली. मोठी रोहू, पोट टम्म. यांनी धरताच बोटांवर अंड्यांचे दाणे आले.

"पिशवी खोल," हे म्हणाले.

"दोन झाले ना."

"साळ्याचा (मेव्हण्याचा) तलाव हाय. काहून (का) भेऊन राहिली?"

मी रमेशकडे पाहिलं. तो अंगठ्याने चिखल उकरत होता. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. पलीकडून संस्थेची होडी इकडेच येत होती.

"रमेशचं जाळं बंद करतील," मी म्हटलं. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मग मी हात ओले केले, कोरड्या हाताने खवलं निघतात म्हणून. यांच्या हातातून मासोळी घेतली आणि गुडघाभर पाण्यात शिरले. तिने शेपूट हलवलं तेव्हा सोडली.

"अवं, काय केलं तू?"

होडी काठाला लागली. तिच्यातल्या माणसाने पिशवीत डोकावून पाहिलं. "जवाई असून दोनच? लय गरीब जवाई भेटला रे रमेश तुले."

रमेश हसला. हे हसले नाहीत.

अकोल्यापर्यंत हे माझ्याकडे पाठ करून पुढच्या सीटवर बसले. घरी जाऊन काय ऐकावं लागेल, या धास्तीने मी खिडकीबाहेरच पाहत राहिले. गल्लीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती भेटले?"

"दोन. तिसरी मोठी होती, हातातून निसटली," हे म्हणाले.

मी मान खाली घालून आत गेले. यांचा राग अजून आहे, मला त्याची भीतीही आहे. पण उद्या रमेश जाळं घेऊन तलावावर जाईल, आणि ती मासोळी तिची अंडी घालेल.