मांजरानं खाल्लेली लाल पट्टी

आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये मासे मावतात, किस्से मावत नाहीत. चहाला बसलं की एकेक बाहेर पडतो, आणि बहुतेकांत गोंधळलेला माणूस मीच असतो!

मी गारगोटीचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि पीएचडीचा विषय मिळाला माशांचे स्नायू! पहिल्याच दिवशी सरांनी समजावलं, "बगलेला कातडीखाली लाल स्नायूंची बारीक पट्टी असते. ती सावकाश, तासन्‌तास पोहायला. बाकीचा पांढरा, एकदम जोरात झेप घ्यायला."

मी वहीत सगळं व्यवस्थित उलटं लिहून घेतलं.

*

मासा सतत पोहावा म्हणून आम्ही पाइपात पंपानं पाणी खेळवतो. रोहू मुकाट पोहत राहिला. मरळ मासा मात्र तळाशी ढिम्म! आजारी पडला की काय म्हणून मी झाकण उघडलं, तर तो उसळून थेट सरांच्या मांडीवर!

सर मिशा पुसत म्हणाले, "लिही. पांढरे स्नायू उत्तम."

*

दोन महिने रोहूच्या स्लाइड केल्या. लाल स्नायूचा मागमूस नाही! सरांनी रसायन बदललं, मायक्रोस्कोप बदलला, शेवटी माझ्याकडेच बघायला लागले. सोमवारी समितीला लाल स्नायू दाखवला नाही, तर माझा विषय रद्द होणार होता. मला रडू यायचंच बाकी होतं.

*

एक गोष्ट सरांना सांगितली नव्हती. मासा कापताना माझे हात थरथरतात. म्हणून बाजारात मासे विकणाऱ्या उचगावच्या आक्कांकडूनच बगलेचा तुकडा काढून घ्यायचो, तोही पाठ फिरवून. त्या शनिवारी पहिल्यांदाच मान वळवली. आक्का काहीतरी लाल खरवडून मांजरापुढं टाकत होत्या.

"आक्का, हे काय?"

"लाल पट्टी व्हय? वास मारतीया! तुमी शिकलेली माणसं, तुमची तर पार निवडून काढतो की!"

दोन महिने माझी पीएचडी ते मांजर खात होतं!

*

त्या दिवशी आक्कांनी पट्टी राहू दिली. रविवारभर बसून लाल स्लाइड तयार केल्या. समितीतल्या मॅडमना मात्र जुन्या पांढऱ्याच आवडल्या.

"लाल भाग इतका सफाईनं वेगळा आम्हालाही करता येत नाही. हात कुणाचा?"

"याचाच!" सरांनी माझी पाठ थोपटली.

मॅडमनी अख्खा रोहू पुढं सरकवला. "दाखवा बघू."

सुरी उचलली आणि परत खाली ठेवली. शेवटी मी फोनच लावला, तोही गडबडीत स्पीकरवर.

"आक्का, जरा लॅबमध्ये याल?"

सगळी समिती कान देऊन ऐकत होती.

"आलोच की! मांजराला संगट आणू?"