पार्लरवालीची पगारी सुट्टी

गेल्या भाऊबीजेला माझी नणंद अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली होती. तिला सहावा महिना, मला सातवा... दोघी फराळाच्या ताटल्या पोटावर टेकवून बसलेलो आणि नवरा आमचे फोटो काढतोय!

नणंद अकोल्यात एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिने अगदी सहज विचारलं, "मले तर सहा महिने सुट्टी हाय, पगार पूरा. तुमाले किती भेटते वहिनी?"

माझं घराजवळ छोटंसं ब्युटी पार्लर आहे. मालकीण मी, स्टाफ मी आणि झाडू मारणारीही मीच. "आमच्या मॅडमने सुट्टी नामंजूर केली," मी म्हटलं. दोघी खूप हसलो... मग तिने तिच्या ताटलीतली करंजी उचलून माझ्या ताटलीत ठेवली.

नवरा मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. त्याच्या पगारात घर चालतं, पण पार्लरचं भाडं आणि नव्या खुर्चीचा हप्ता पार्लरमधूनच निघायला हवा. अंगणवाडीच्या ताईंनी पहिल्या बाळाच्या सरकारी योजनेत नाव घातलं होतं, त्याचा आधार होता. पण तो दवाखान्याच्या फेऱ्यांतच संपणार, हे दिसत होतं.

आणि माझी तारीख जानेवारीची, ऐन लग्नसराईतली! नवऱ्या मुलींचे मेकअप आधीच बुक झालेले. शटर बंद ठेवलं की गिऱ्हाईक समोर जाणार... आणि पार्लरचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या हाताला सरावलं की परत येत नाही.

समोर म्हणजे शैलाताईंचं पार्लर. त्यांचं दुकान कितीतरी जुनं. मी बरोबर त्यांच्यासमोर माझा बोर्ड लावला, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मीही काही कमी नव्हते, दिवाळीत फेशिअलचा रेट त्यांच्यापेक्षा कमी लावला होता.

डिसेंबरातली गोष्ट. एका बाईच्या आयब्रो करत होते. पाय इतके सुजलेले, की नवऱ्याच्या चपला घातल्या होत्या. तेवढ्यात शैलाताई सरळ आत आल्या. मला वाटलं, झालं... आता रेटवरून भांडण!

त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. "काहून वं, घरी कोणी सांगत नाई का तुले? बस खाली!" आणि माझ्या हातातला दोरा घेऊन त्या बाईची दुसरी भुवई त्यांनीच पूर्ण केली.

ती बाई गेल्यावर म्हणाल्या, "पाह्य, तुह्या साऱ्या बुकिंगा मी करतो. तुह्याच नावानं. सामानाचा खर्च काढून उरलं ते अर्धं तुहं, अर्धं माहं. पोरगं तीन महिन्याचं झाल्याशिवाय शटर उघडू नको."

खरं सांगू? पहिला विचार मनात आला तो हाच, की ही माझी गिऱ्हाइकं पळवणार. मी विचारलंसुद्धा, "ताई, पण तुम्ही हे का करताय?"

"मह्या वक्ती मी बाराव्या दिवशी दुकानात उभी होती," त्या म्हणाल्या. "टाके ओले होते. आजही थंडीत कंबर दुखते मही. नाई तं नाई सांग, जबरदस्ती थोडी हाय!"

घरी नवरा म्हणाला, "पेपरवर लिहून घे बरं." मी नाही घेतलं. कुठल्या तोंडाने घेणार होते...

जानेवारीत मुलगी झाली. दर शनिवारी शैलाताईंकडून फोनवर पैसे यायचे, आणि मागोमाग मेकअप केलेल्या नवरीचा फोटो. खाली लिहिलेलं असायचं, 'तुही नवरी'. मी लेकीला मांडीवर घेऊन ते फोटो बघायची. भाडं निघालं, हप्ताही निघाला. लेक पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मी घरी होते... कुणाच्या तरी भुवया कोरत नव्हते.

गुढीपाडव्यानंतर दुकान उघडलं. लेक लोखंडी घोडीला टांगलेल्या झोळीत, कूलर लावलेला आणि मी दाराकडे डोळे लावून. दुपारपर्यंत कुणीच नाही. नवऱ्याचंच ऐकायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

मग समोरून आवाज आला. शैलाताई दारात उभ्या राहून माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला जवळजवळ हाकलत होत्या. "आता मी नाई करत तुह्या आयब्रो! तिची सुट्टी सरली आजपासून. जाय तिकडं!"

ती बाई हसत हसत माझ्याकडे आली. संध्याकाळपर्यंत अशा तिघी आल्या. प्रत्येकीने आधी झोळीत डोकावून बघितलं आणि मगच ती खुर्चीत बसली. एक-दोघी कायमच्या समोर राहिल्या, ते मान्य. शैलाताईंचा हात आहेच तसा!

नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, तुमची सुट्टी तं मह्यापेक्षा भारी निघाली!" तिची अजून चालू आहे. बाळाला कोणाजवळ ठेवून कामावर जायचं, हा प्रश्न तिच्याही समोर आहेच.

आणि आज ही पोस्ट मी शैलाताईंच्या दुकानात बसून लिहितेय. त्या बहिणीसोबत चिखलदऱ्याला गेल्यात. दुकान सुरू केल्यापासून पहिल्यांदाच फिरायला! जाताना चावी हातात देऊन म्हणाल्या, "अर्धं-अर्धं, समजलं न?"

माझ्यासारख्या एकटीने दुकान चालवणाऱ्या बायकांना रजा द्यायला कुणी साहेब नसतो. आम्हीच एकमेकींना द्यायची, एवढं मला कळलं. शैलाताई, दोन दिवस जास्त राहा... इकडचं मी पाहतो!