वरच्या काकांनी दिलेले पास

वरच्या मजल्यावरचे काका आमच्या दारात कधीच येत नसत. बायको गेलेली, कापडाचे माग विकून टाकलेले, घरात एकटेच, एवढंच सोसायटीत माहीत होतं. त्यामुळे ते दोन पास घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी पास हातात घेण्याआधी त्यांचं तोंड नीट पाहून घेतलं.

"ताई, रविवारी संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम आहे. तुम्ही दोघं जा की."

"कसलं गाणं?"

"जॅझ म्हणतात. इंग्लिश असतंय."

"मग तुम्हीच का नाही जात?"

"गुडघे दुखतात," म्हणाले आणि भराभर जिना चढून गेले.

आमचे हे मूळचे मोहोळकडचे. पास उलटासुलटा करून म्हणाले, "फुकट कोण देतंय आजकाल? मधी थांबवून प्लॉट विकत्याल, बघ." मला वेगळीच शंका. दोघं बाहेर, घराला कुलूप, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक. निघताना मी बांगड्या आणि गंठण पर्समध्ये घातलं आणि सभागृहात ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

जागा पुढच्याच रांगेत होत्या. याचाही मला संशय आला.

गायिका तिशीतली, सुती साडीतली. मागे पियानो, ड्रम आणि माणसाएवढं उंच तंतुवाद्य. ती इंग्रजीत गात होती. एकाएकी शब्द संपले आणि नुसतंच 'डाबा डुबा, शुबी डा' सुरू झालं.

"इसरली वाटतं," हे कुजबुजले.

मलाही तसंच वाटलं. पण ती थांबेना. ड्रमवाला काहीतरी वाजवायचा, ती तोंडाने त्याला उत्तर द्यायची, दोघं हसायचे. आधीच टेप करून आणलेलं असेल म्हणून मी तिच्या ओठांवर नजर ठेवली. ओठ बरोबर हलत होते. एक मात्र खटकलं. ती सारखी आमच्याकडे बघत होती. बघायची आणि लगेच नजर मागच्या रांगांवर न्यायची.

मग ती मराठीत म्हणाली, "पुढचं गाणं मी शिकले नाही, घरी ऐकलं. इथंच, सोलापुरात." टाळूला जीभ लावून तिने मागाचा खटक-खटक ठेका धरला आणि त्यावर तेलुगू शब्द गाऊ लागली. मागच्या बायका खूश झाल्या. एकीने दुसरीला सांगितलं, "हिच्या वडलांचे माग होते. गाण्यापायी भांडून गेली घरातून."

मी गायिकेकडे नीट पाहिलं. काकांचंच कपाळ, काकांच्याच जाड भुवया. आम्ही कुणाच्या खुर्च्यांवर बसलो होतो, ते मला तेव्हा कळलं.

कार्यक्रम संपल्यावर ती सरळ आमच्यापाशी आली. "हे पास तुम्हाला कुणी दिले?"

"आमच्या वरच्या काकांनी. त्यांचे गुडघे दुखतात."

"कधीपासून?" तिने विचारलं. मग म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने मी पुण्याला चाललेय. त्यांना सांगाल?"

घरी आलो तर काका जिन्यातच उभे. "लोक होते का बरे?"

"हॉल भरला होता. काका, ती तुम्हाला शोधत होती."

ते कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, "वरच्या पट्टीत आवाज फाटत नाही ना?"

"नाही. उद्या सकाळच्या गाडीने जातेय."

ते वर गेले.

सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं, इस्त्रीचा शर्ट घालून काका रिक्षात बसत होते. मी हाक मारून विचारलं तर म्हणाले, "बँकेत चाललोय." इतक्या सकाळी कुठली बँक उघडते! भेट झाली की नाही, त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी वरून तेलुगू बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता. हे म्हणाले, "टीव्ही असंल."

मी कान देऊन ऐकलं. काका बोलत होते, मग गप्प होत होते, मग "हं, हं" म्हणत होते.

"टीव्ही न्हाय," मी म्हटलं.