धाक नावाचं गाव

साताऱ्याहून निघाले तेव्हा आई रडली नाही, बाबा रडले. टॅक्सीत बॅगा चढवून झाल्या आणि बाबा खिडकीशी वाकून म्हणाले, "भीती वाटली की फोन कर. नाही वाटली तरी कर." मला हसू आलं. भीती कसली? मी किल्ल्यांवर पीएचडी करायला अमेरिकेला निघाले होते, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. आई त्याच्याकडे बघत पोळ्या लाटते. किल्ला म्हणजे आपल्या पाठीशी उभं असलेलं काहीतरी, एवढंच मला माहीत होतं.

तुम्हा मित्रमैत्रिणींपैकी जे तिकडे साताऱ्यातच राहिलात, ते विचारता की मी हल्ली फोनवर इतकी कमी का बोलते. जे इकडे अमेरिकेत आलात, ते विचारत नाही.

माझे किल्ले वेगळे होते. कॉकेशसच्या पायथ्याशी, चेचेन लोकांच्या जमिनीवर, रशियन सैन्याने दोनशे वर्षांपूर्वी उभारलेले. मातीचे कोट, खंदक, तोफा. पिस्कॅटवेला, माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावी, आल्यावर मी बराच काळ त्यांचे नकाशेच बघत बसले. नकाशात ते शहाण्यासारखे नदीकाठाने एका ओळीत बसलेले दिसायचे.

मग झारा मावशी भेटली. आमच्याच अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहायची, एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसायची. लाँड्री रूममध्ये तिने विचारलं, काय शिकतेस? मी सांगितलं. तिने ड्रायरचं दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तिथलीच." रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा ती कॉलेजात होती. आईवडिलांबरोबर ती बाहेर पडली, भाऊ मात्र मागेच राहिला. तो अजून तिकडेच आहे. मी तिला मावशी म्हणायला लागले. अर्थ कळल्यावर तिला तो शब्द फार आवडला.

"आमच्या शहराचं नाव बघ," ती एकदा म्हणाली. "ते आधी किल्ल्याचं नाव होतं. ग्रोझनी. म्हणजे धाक घालणारा. शाळेत पत्ता लिहायचे ना, दर वेळी स्वतःच्या हाताने धाक लिहायचे."

किल्ला येतो म्हणजे काय, हे तिने मला सांगितलं. आधी जंगल तोडतात, तोफेला समोरचं दिसावं म्हणून. मग नदीवर पाण्याला जायची वाट बंद होते. मग गावातल्या मोठ्या घरांतली मुलं आत नेऊन ठेवतात, गाव शांत राहावं म्हणून. त्या मुलांना 'अमानत' म्हणत. शब्द ऐकून मी दचकलेच. आपण घर भाड्याने घेताना जी अनामत ठेवतो, मुळात तोच हा शब्द.

तिच्या परवानगीने मी हे सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. बोलता बोलता ती जुन्या किल्ल्यांवरून आजवर आली. भावाचं नाव आलं, त्याच्या गल्लीचं आलं. रात्री कुणाला उचलून नेलं, तेही आलं.

त्याच सुमारास बाबांची बायपास ठरली. मला साताऱ्याला जाऊन परत यायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या मराठी ग्रुपवर इथल्या एअरपोर्टवरच्या तपासणीबद्दल रोज काहीतरी येत होतं. "यार, सगळं क्लीन करून ये." "माझ्या रूममेटचा फोन आत घेऊन गेले." माझी ॲडव्हायजर म्हणाली, शक्य असेल तर जाऊच नकोस. बाबांचं ऑपरेशन, आणि जाऊ नकोस! मी तिकीट काढलं. पण अमेरिकेत परत घेतलंच नाही तर? अर्धा थिसिस, भाड्याची खोली, सगळं इकडे.

निघायच्या आधी झारा मावशी वर आली. दारातच उभी राहिली. "ते डिलीट कर," ती म्हणाली. "माझ्यासाठी मी घाबरत नाही, भाऊ तिकडे आहे. पण आवाज कुठून कुठे पोचतो, ते कुणाच्या हातात नसतं."

मी तिच्यासमोर ते पुसायला घेतलं. फोनने विचारलं, नक्की? माझं बोट थांबलं. तिनेच ते बटण दाबलं.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलमध्ये ते म्हणाले, "चेहरा का उतरलाय? मी आहे अजून." मी म्हटलं, जेट लॅग. त्यांच्याशी मी असं पहिल्यांदाच खोटं बोलले.

अमेरिकेत परत येताना एअरपोर्टच्या इमिग्रेशन काउंटरवर माझा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि मला आतल्या खोलीत बसवलं. एक तरुण ऑफिसर आला, नम्र होता. फोन अनलॉक करायला लावला. "काय शिकता?" मी म्हटलं, "इतिहास. किल्ले." "राजवाड्यांसारखे?" "साधारण." तो स्क्रोल करत राहिला. बाबांच्या छातीवरचे टाके, आईचे पोहे, डॉक्टरांनी दिलेली औषधं. पुसलेलं कुठूनतरी परत वर येईल, असं मला सारखं वाटत होतं. मग त्याने फोन परत दिला. "वेलकम बॅक."

बाहेर झारा मावशी गाडी घेऊन उभी होती. तिने माझी बॅग ओढून घेतली.

दुपारी तिने तिच्या घरी चेचेन जेवण केलं. आपल्या वरणफळांसारखं, फक्त वरणाऐवजी मटण आणि लसणाचं पाणी. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात दार वाजलं. जोरात. आम्ही दोघी जागीच थिजलो. माझा चमचा हवेत. तिचे डोळे दारावर, तिच्या हाताने माझं मनगट घट्ट धरलेलं. साताऱ्यात दिवसभर दार उघडंच असायचं. कुणी आलं तर आई आतूनच ओरडायची, "या, बसा." तेव्हा घर म्हणजे काय, हा प्रश्नच पडला नव्हता.

पुन्हा दार वाजलं. मावशी उठली. "तू बस," म्हणाली. पण मी बसले नाही, तिच्या मागोमाग गेले. दारात कुणीच नव्हतं, पायरीवर शेजाऱ्यांचं पार्सल होतं. ती हसली आणि मग भिंतीला टेकून रडायला लागली.

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी साताऱ्याचं नाव सांगते. पण मनात म्हणते, दार वाजल्यावर जिच्या मागोमाग मी उठले, ती राहते ते. भीती दोघींचीही गेलेली नाही. त्या दिवशी जेवण थंड झालं होतं. तिने ते पुन्हा गरम केलं आणि आम्ही जेवलो.