वळणावरचं गवत

नवरात्र जवळ आलं की आमच्या नाशिक रोडच्या बाजारात माती विकायला येते. परड्या, झेंडूचे ढीग आणि त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली काळी माती. ज्यांच्या बापजाद्यांची हयात नखांतली माती काढण्यात गेली, ती माणसं आता माती निवडून, पारखून, विकत घेऊन घरी नेतात. परवा अशीच एक पिशवी उचलली, ओलसर वास नाकात शिरला आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, माती घेताय का मुलगी बघताय?" त्याला काय सांगणार, की या मातीने एका वर्षी मला माझ्याच घरात कोंडून ठेवलं होतं!

निवृत्त झाल्यावर लोक पहाटे फिरायला जातात किंवा सोसायटीच्या सचिवाशी भांडण काढतात. मी खेळण्यातल्या मोटारींचा रस्ता बांधायला घेतला. स्लॉट कार म्हणतात त्याला. दाराएवढ्या फळीवर काळा रस्ता, रस्त्यात खोबण, खोबणीच्या कडेने तांब्याच्या पट्ट्या. मोटारीच्या पोटाखालची खुंटी खोबणीत बसते, वीज पट्ट्यांतून येते आणि आपण हातातला घोडा दाबून वेग कमीजास्त करायचा. मोटारीला डावं-उजवं काही ठरवता येत नाही. ते खोबणीने आधीच ठरवलेलं असतं. सदतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हा खेळ का आवडावा, हे मी कधी खोलात जाऊन तपासलं नाही.

रस्ता झाला, टेकडी झाली, टेकडीवर बाकड्यांवर बसलेले प्लॅस्टिकचे इवले प्रेक्षकही झाले. अडलं ते गवतावर. गवत खरं वाटलं पाहिजे, असा माझा हट्ट. आधी वखारीतून भुसा आणून हिरव्या रंगात भिजवला. बायको शाळेत शिकवून घरी आली, तिने चपला काढता काढता विचारलं, "अहो, हा बुरशी आलेला खवा इथे कशाला पसरलाय?" मग वाळवलेली मेथी चुरून कणकेच्या खळीने चिकटवली. ती मात्र फार सुरेख दिसली. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पाहतो तर टेकडी चालतेय! मुंग्यांची अख्खी वरात खळीवर जेवायला उतरली होती. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: खऱ्यासारखं कशाला, खरंच उगवू की! बाजारातून काळी माती आणली, टेकडीवर पातळ थर दिला, वर मूठभर गहू पेरले. अंगभर चिखल झाला म्हणून आंघोळ केली आणि ओलेत्या पंच्यावरच बसून तांब्यातलं पाणी शिंपडू लागलो. कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं. ते बघायची बुद्धी झाली नाही.

त्या पावसाळ्यात मी आत्याला आमच्याकडे आणलं होतं. सटाण्याकडच्या खेड्यात ती एकटी राहायची, मूलबाळ नाही. ओट्यावरून पडली, गुडघे दुखावले, म्हणून मी तिला उचलून आमच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. लिफ्ट नाही. ती खिडकीपाशी बसून खाली गाड्या लावणारी माणसं बघायची आणि रोज एकच प्रश्न विचारायची, "बापू, घर कवय लई जाशी?" घरी कधी नेणार? माझं उत्तरही रोज एकच, "दसऱ्यानंतर बघू." उत्तर देताना मला स्वतःच्या प्रेमळपणाचं मोठं कौतुक वाटायचं.

तर मी पाणी शिंपडतोय आणि भिंत धरत आत्या दारात आली. तिने माती पाहिली, गहू पाहिले, ओलेता मी पाहिला. त्या दिवशी घटस्थापना होती. तिच्या घराला पहिल्यांदाच कुलूप, देव्हारा अंधारात. आमच्या घराण्याचे घट थोरल्या भावाकडे, त्यामुळे आमच्याकडेही काही नाही. तिचे डोळे भरून आले. "बापू, मनासाठी घट बसाडा तू?" तिच्यासाठी मी घट बसवला! आता या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, की हे मोटारींच्या शर्यतीचं मैदान आहे? मी सरकून तिला जागा करून दिली. तिने टेकडीवर कलश ठेवला, शेजारी स्टुलावर अखंड दिवा लावला आणि सापळा मिटला. घट हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप घालायचं नाही. बायको शाळेत, आणि घट बसवणाऱ्यानेच घरी बसून दिवा राखायचा असा आत्याचा दंडक. राहिलो मी.

पहिले दोन दिवस विनोदी वाटले. रविवारी आमच्या मोटारवेड्या मंडळींचा मेळा होता, फोन आला, "काका, बोर्ड आणताय ना?" म्हटलं, "बोर्डावर देवी बसलीय." तिसऱ्या दिवसापासून मात्र घर अंगावर यायला लागलं. चहाला कोपऱ्यावर जावं तर दिवा. वर्तमानपत्र आणावं तर दिवा. मीही खिडकीपाशी बसून खाली गाड्या लावणारी माणसं बघू लागलो आणि कोण वाकडी लावतो ते मला पाठ झालं. संध्याकाळी बायकोच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकू आला की कामावरून आई येण्याची वाट पाहणाऱ्या पोरासारखा मी दाराशी जाऊन उभा राहायचो.

एका दुपारी आत्याच म्हणाली, "चालव तुनी गाडी. देवीले प्रदक्षिणा घालू दे." तिच्या हातात घोडा दिला. तिने तो असा दाबला की मोटार पहिल्याच वळणावर खोबणीतून उडाली आणि वीतभर वाढलेल्या गव्हात जाऊन पडली. "सुटनी!" आत्याने टाळी वाजवली. मी समजावलं, वळणाआधी वेग कमी करायचा असतो. तिने मान डोलावली आणि पुन्हा उडवली. "अगं आत्या, हळू!" "हळूहळू करीसन मी कोठे पोचनी?" असं म्हणून तिसऱ्यांदा उडवली. तिला शर्यत जिंकायचीच नव्हती. रोजच्या पाण्याने पट्ट्यांवर हिरवा थर चढला आणि मोटार बंद पडली तेव्हाच हे थांबलं. इतके दिवस मी शोधत होतो तो हिरवा नेमका तिथेच उगवावा!

दसऱ्याला तिने गव्हाचे तुरे खुडले, एक माझ्या कानावर खोवला, दिवा शांत झाला आणि ती पिशवी घेऊन दारात बसली. "लाव कुलूप." मी जिना दाखवला, गुडघे दाखवले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पायरीवर बसली आणि बसत बसत, एकेक पायरी उतरू लागली. शेजारच्यांची दारं उघडली. "काकू, काय झालं?" "काही नही, घर चालनू," असं सगळ्यांना सांगत ती खाली पोचली; मी मागून पिशवी धरून.

गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, तो घट नव्हता गं. खेळातलं गवत होतं ते."

"माले माहीत व्हतं. घटवर बाकडावर बसेल प्लॅस्टिकना मानसं कोन ठेवस?"

"मग रडलीस ती?"

"ते खरं व्हतं. गहू तर खराच व्हता ना." मग बाहेर बघत, अगदी सहज, "नऊ दिन घरमा बसाडं तुले. कसं वाटनं, बापू?"

गाव आलं तसा मी तिची पिशवी घेऊन उतरलो. तिने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, भिंत धरत आत गेली आणि सगळ्यात आधी देव्हाऱ्यातला दिवा लावला. त्यानंतर ती तिथेच राहिली आणि पुढे तिथूनच गेली.

आता माझेही गुडघे बोलू लागलेत. तिच्या गावी एकदा जाऊन यावं, तो ओटा बघावा, असं फार वाटतं. पुण्याहून मुलीचा फोन येतो तेव्हा तिला सांगतो. "बाबा, थंडी कमी झाली की बघू हं," ती म्हणते. तिचा आवाज फार मायेचा असतो. आत्याला माझाही तसाच ऐकू येत असणार.